तू न तपासता निवडलेला उपाध्यक्ष

माधुरी,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा दुपारी तुझी शोकसभा झाली, चर्चच्या मागच्या त्याच हॉलमध्ये, जिथे आपलं मराठी मंडळ गणपतीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळं करतं. अध्यक्षस्थानी मिलिंद सरवदे होता. अध्यक्ष मध्येच गेला तर उरलेला काळ उपाध्यक्षानं सांभाळायचा असा मंडळाचा नियम आहे, आणि अध्यक्ष तू होतीस. तुझ्या फोटोला हार घालताना त्याचा हात थरथरत होता. मी तिसऱ्या रांगेतून पाहत होते आणि मनात आलं, हा हात खरंच थरथरतोय, की थरथरवला जातोय?

तू शेजारी असतीस तर मला कोपरानं ढोसलं असतंस. "पुरे गं, इन्स्पेक्टर!"

दहा वर्षं तू मला इन्स्पेक्टर म्हणत आलीस. ते नाव तू पहिल्याच आठवड्यात ठेवलंस, इथे जर्मनीत परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या त्या लांबलचक रांगेत ओळख झाली तेव्हा. माझ्या फाइलीत भाडेकराराची एक झेरॉक्स कमी होती. माझ्या मागे उभी असलेली तू न विचारता माझ्या फाइलीत डोकावलीस, म्हणालीस, "हे नसेल तर ती बाई परत पाठवेल," आणि स्वतःचा नंबर सोडून मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेलीस. वाटेत मी विचार करत होते, हिला माझ्याकडून काय हवंय? परत येताना तोंडावर विचारलंसुद्धा. तू रस्त्यात थांबून हसलीस. "मला चहाला कंपनी हवीय. एवढाच कट आहे."

मग तुझ्या घरी चहा. तिथे तू माझं आडनाव विचारलंस. परदेशातसुद्धा हा प्रश्न येतो आणि तो का येतो हे मला नागपुरातच शिकायला मिळालेलं. मी आडनाव सांगितलं आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, एक क्षणही न सोडता. तू "बरं" म्हणालीस आणि माझ्या बशीत आणखी एक शंकरपाळ्यांची मूठ टाकलीस. त्या "बरं"चा मी पुढे कित्येक महिने कीस काढला. साधं बरं होतं, की सावरून घेतलेलं? शेवटी कंटाळून सोडून दिलं. तुझ्या बाबतीत संशय सोडून द्यायला मी शिकले, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळालं नाही. मी घरी बसायचं सोडून विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत बसले. तू दुपारी कारखान्यातून थेट तिथे आलीस, पायात ते लोखंडी टोकाचे बूट तसेच. मी आकडे सांगत गेले आणि तू शेजारी बसून ते वहीत लिहीत गेलीस, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी बघितलं तर निम्मे आकडे चुकीच्या रकान्यात. ते पान मी फाडलं नाही. प्रयोग पुन्हा केला.

अशा तुझ्यावर मी पुन्हा संशय घ्यायला लागले, ती गोष्ट गेल्या शरदातली.

तेव्हा सगळीकडे अमेरिकेतल्या निवडणुकीची चर्चा होती. तुझ्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर आपण बघायचो. तिथल्या एका वयस्कर उमेदवारानं उपाध्यक्षपदासाठी दूरच्या राज्यातल्या एका बाईची निवड जाहीर केली होती, आणि ती बाई साध्या प्रश्नांना अडखळत होती. तू पोळ्या लाटता लाटता लाटणं टीव्हीवर रोखलंस.

"हा माणूस तिला धड भेटला तरी होता का? बायकांची मतं हवीत म्हणून बाई घेतली. बाईची निवड केलीच नाही त्यानं, बाईपणाची केली! आणि ह्याचं वय बघ. उद्या ह्याला काही झालं तर देश हिच्या हातात. आल्झो, म्हणजे बघ, मी तर नट-बोल्ट घेतानासुद्धा एवढी घाई करत नाही."

ते खरंच होतं. तू गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होतीस. पुरवठादारानं एका स्क्रूचा मुलामा बदलला तरी तू तीन कागद आणि दहा नमुने मागायचीस. तुझे जर्मन सहकारी तुला घाबरायचे. मी मान डोलावली, म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. तू कुणाला निवडलंस तर आधी त्याचं क्ष-किरण तपासणीचं प्रमाणपत्र मागशील." आपण दोघी हसलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तू मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहिलीस. बापटकाका किती वर्षं अध्यक्ष होते कोण जाणे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या मंडळात गणपती, दिवाळी आणि काकांचं भाषण याखेरीज काही होत नव्हतं. तुला शनिवारची मराठी शाळा हवी होती, कारण तुझी रेवा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमधून उत्तर द्यायची. आणि तुला चौदा एप्रिल मंडळात साजरा व्हायला हवा होता. आमची, म्हणजे बौद्धांची, नऊ घरं हळूहळू मंडळात यायची बंद झाली होती. कुणी हाकललं नव्हतं. बोलावणं पोचायचं, पण कार्यक्रम संपल्यावर.

तू उभी राहिलीस याचा मला अभिमान वाटला. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांनी जोडीनं उभं राहायचं असा नियम, म्हणून उपाध्यक्ष कोण ते तू रविवारी जाहीर करणार होतीस. मी शनिवारी केस कापून आले. हेही तुला कधी सांगितलं नाही.

रविवारी पत्रक आलं. अध्यक्षपदासाठी माधुरी. उपाध्यक्षपदासाठी डॉ. मिलिंद सरवदे.

मिलिंद येना शहरातून आपल्या गावात येऊन चार महिने झाले होते. तिथल्या संस्थेत तो भिंगांवर संशोधन करायचा, इकडे एका कंपनीत लागला. मी त्याला दोनदा भेटले होते. उंच, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबणारा. आमच्यातलाच. तू त्याला एकदा कॉफीला भेटलीस आणि निवडलंस.

मी फोन केला. "तुला त्याच्याबद्दल काय माहीत आहे?"

"चांगला माणूस वाटला."

"वाटला?"

"ज्योत्स्ना, आज नको. मी दमलेय."

तू दमलेय म्हणालीस. तुझ्या तोंडून हा शब्द मी दहा वर्षांत ऐकला नव्हता. तो मला खटकायला हवा होता. इतक्या गोष्टी खटकल्या, हा एक सोडून.

मला खटकलं ते हे, की तू आमच्या नऊ घरांची मतं मिळवायला निघाली होतीस आणि त्यासाठी तुला आमच्यातला एक चेहरा हवा होता, दिसायला नीटनेटका, नावामागे डॉक्टर लावलेला. लाटणं रोखून त्या अमेरिकन उमेदवाराला तू जे बोललीस तेच तू केलंस. आणि जो चेहरा दहा वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात बसून कोथिंबीर निवडत होता तो तुला आठवला नाही. की आठवला, आणि नको वाटला? तिथे ते जुनं "बरं" परत वर आलं. मी किती खोल पुरलं होतं, तरी आलं.

आणखी एक भीती होती, ती तुला कळली असती की नाही कोण जाणे. हा माणूस खोटा निघाला तर तो एकटा खोटा ठरणार नव्हता. बापटकाकांच्या गोटातलं कुणी चुकलं तर तो माणूस चुकतो. आमच्यातलं कुणी चुकलं तर नऊ घरं चुकतात.

म्हणून मी येनाला गेले. तुला सेमिनार आहे असं सांगितलं. सेमिनार नव्हता. तिथल्या संस्थेत एका मजल्यावर काम करणाऱ्यांच्या नावांची पाटी होती. जर्मन लोक पदवीच्या बाबतीत किती काटेकोर, तुला माहीत आहे. ज्याला पदवी आहे त्याच्या नावामागे ती असतेच. मिलिंदचं नाव अजून काढलं नव्हतं. त्याच्यामागे काही नव्हतं.

तिथे एक मराठी संशोधक बाई भेटल्या. त्यांनी मला कॅन्टीनमध्ये कॉफी पाजली. "सरवदे ना? प्रबंध दिला त्यानं, पण तोंडी परीक्षा झालीच नाही. निघून गेला मध्येच. डॉक्टर लावतो का आता?" मग थोडं पुढे झुकून, हसून, "या लोकांचं असंच असतं हो. घाई असते फार."

माझं आडनाव त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्या बोलण्यावरून त्यांचा काही तरी वेगळाच समज झाला असावा. मी उठून जायला हवं होतं, किंवा काहीतरी बोलायला हवं होतं. मी कॉफी संपवली, आभार मानले आणि गाडीत बसले. बाईंचं वाक्य तिथेच ठेवलं आणि त्यांनी दिलेली माहिती मात्र बरोबर आणली. त्याची मला आजही शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले. तू बटाटे सोलत होतीस. मी सगळं सांगितलं. तू सुरी थांबवली नाहीस.

"त्यानं मला कधी डॉक्टर म्हणून सांगितलं नाही," तू म्हणालीस. "पत्रकावर मी लिहिलं. प्रबंध झालाय म्हणाला, मी धरून चालले. घाईत झालं."

"तू? घाईत? तू स्क्रूला दहा नमुने मागतेस."

"झालं एकदा."

"तू त्याला झाकतेयस."

"नाही."

"मग त्याला का निवडलंस ते खरं सांग."

तू सुरी खाली ठेवलीस. "मतं हवीत म्हणून. नऊ घरं आहेत, आणि बापटकाकांची माणसं ठरलेली आहेत. हे ऐकायचं होतं ना तुला?"

"मी त्याच नऊ घरांतली आहे, माधुरी."

"माहीत आहे."

"मग मला का नाही विचारलंस?"

तू नळ सोडलास आणि हात धूत राहिलीस, गरजेपेक्षा खूप जास्त वेळ. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणालीस, "तू नाही म्हणाली असतीस."

"विचारून तर बघायचंस!"

तू नळ बंद केलास. श्रीकांत, तुझा नवरा, तेवढ्यात घरी आला आणि "अरे, ज्योत्स्ना, जेवूनच जा" म्हणाला. मी जेवले नाही.

मतदानाआधी सभा झाली, दोन्ही जोड्यांना प्रश्न विचारायची. मी उभी राहिले. पदवीचं मी काढलं नाही, तेवढं तुझ्यासाठी राखलं. पण विचारलं, सगळ्यांसमोर, तुझ्याकडे सरळ बघत.

"अध्यक्षांना काही झालं तर मंडळ उपाध्यक्षांच्या हातात जातं. माधुरीताईंनी त्यांची काय चौकशी केली? किती वेळा भेटल्या? उद्या त्यांना खरंच काही झालं, तर आम्ही कुणाच्या भरवशावर राहायचं?"

मी तुला ताई म्हणाले. दहा वर्षांत पहिल्यांदा, आणि लांब ढकलण्यासाठी.

बापटकाकांची माणसं खूश झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तू हसलीस. मोठ्यानं, मान मागे टाकून, नेहमीसारखी. "अगं, मला काय होतंय! मला अजून रेवाचं लग्न लावायचंय." सगळा हॉल हसला. मिलिंद हसला नाही. तो टेबलाकडे बघत होता. मी ते टिपलं आणि मनात म्हणाले, बघा, चोराला कसं पकडलं.

तू थोडक्या मतांनी निवडून आलीस. मी मत तुलाच दिलं. वाटलं होतं हेही एकदा सांगेन, भांडण मिटल्यावर, ऐटीत.

भांडण मिटलं नाही. तसं बोलणं सुरू होतं, पण वरवरचं. थंडी किती, बस किती उशिरा. जानेवारीत श्रीकांतचा फोन आला, तू दवाखान्यात आहेस, पोटाचं ऑपरेशन झालंय. मी धावत आले. तू म्हणालीस, "अचानकच कळलं गं." मी मान डोलावली. पण मी पेशींमध्ये काम करते, माधुरी. कुठल्या गाठीला किती महिने लागतात याचा मला अंदाज आहे. "अचानक" हा शब्द मी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून पुन्हा पुन्हा तपासला. तो बसत नव्हता.

मग मार्चमध्ये एकदा मी दवाखान्यात आले तेव्हा तू झोपली होतीस. रेवा पलंगाजवळ बसून हळूच "मामा श्लेफ्ट" म्हणाली, आई झोपलीय. मी तिला मराठीत म्हणाले, "मग आपण दोघी गप्प बसू." टेबलावर तुझ्या तपासण्यांच्या अहवालांची फाइल होती, अर्धी उघडी. मी हात लावला नाही. पण वरच्या कागदाच्या कोपऱ्यात महिना दिसत होता. सप्टेंबर.

पत्रक ऑक्टोबरमध्ये निघालं होतं.

म्हणजे तू उभी राहिलीस तेव्हा तुला माहीत होतं. सभेत मान मागे टाकून हसलीस तेव्हा माहीत होतं. आणि मी विचारलं होतं, उद्या त्यांना खरंच काही झालं तर. मी भिंतीला टेकून उभी राहिले. रेवानं जर्मनमध्ये विचारलं, तुला बरं वाटत नाही का? मी म्हणाले, छे, उन्हामुळे. बाहेर बर्फ होता.

त्या दिवसानंतर मी तुझ्याकडे कितीदा आले! दर वेळी ठरवून यायचे, आज विचारायचंच. आणि दर वेळी तू शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईच्या तक्रारी सांगायचीस, सूप कसं पांचट आहे ते सांगायचीस. मी सूपवर बोलायचे. मला वाटायचं, तू मला बोलू देत नाहीयेस. आता वाटतं, तू वाट बघत असशील. कुठलं खरं, हे तपासायला मला आता कुठलीच सोय राहिलेली नाही.

एप्रिलमध्ये मंडळानं पहिल्यांदा जयंती केली. तू व्हीलचेअरवर आलीस, डोक्याला निळा रुमाल बांधून. कार्यक्रम धड झाला असं मी म्हणणार नाही. मिलिंदनं हॉलच्या वेळेत घोळ घातला, हाउसमाइस्टर, म्हणजे हॉलचा रखवालदार, किल्ली घेऊन निघूनच गेला होता, आणि तासभर सगळे अंगणात उभे. बापटकाकांनी त्याला फोन लावून परत आणलं, हे सांगायला हवं. मग सगळं झालं. नऊपैकी आठ घरं आली. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "झालं बघ." मी म्हणाले, "तुझ्या उपाध्यक्षाला साधी वेळ लिहून ठेवता येत नाही." तू डोळे मिटून हसलीस. आपलं मंडळावरचं ते शेवटचं बोलणं. त्याऐवजी काय बोलता आलं असतं याची माझ्याकडे आता मोठी यादी आहे.

परवाच्या सभेकडे येते. श्रीकांत पहिल्या रांगेत होता, रेवा त्याला चिकटून. बापटकाका प्रास्ताविक करायला उठले. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, मनापासून. शेवटी म्हणाले, "आता मी अध्यक्ष डॉक्टर सरवदे यांना विनंती करतो."

मिलिंद उठला. नेहमीसारखा थोडा थांबला.

"काका, मी डॉक्टर नाही. प्रबंध दिलाय, तोंडी परीक्षा झाली नाही. मार्गदर्शकांशी माझं पटलं नाही, मी निघून आलो. माधुरीताईंच्या पत्रकावर ती चूक झाली तेव्हाच मी दुरुस्त करायला हवी होती. पत्रक वाटून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर वाचायला बरं वाटत होतं. ताईंबद्दल बोलण्याआधी हे सांगणं भाग होतं."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कुणीतरी कुजबुजलं. मी काय विचार केला सांगू? मी विचार केला, आज का? मी समोर बसलेय म्हणून? मी बोलायच्या आत स्वतःच सांगून मोकळा होतोय?

सभा संपल्यावर तो खुर्च्या एकावर एक रचत होता. मी जाऊन दुसऱ्या बाजूनं रचायला लागले.

"तुम्ही येनाला गेला होता ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "त्या बाईंनी अख्ख्या मजल्याला सांगितलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, ताई? तुम्ही निदान तपासलंत. तिकडे कुणी तपासत नव्हतं, आधीच ठरवून बसले होते."

आम्ही आणखी चार-पाच खुर्च्या रचल्या. मग तो म्हणाला, "उपाध्यक्षाची जागा रिकामी आहे. कमिटीला मी तुमचं नाव देणार आहे."

"माझी चौकशी केलीत?"

"नागपूरला फोन करून झाला."

तो चेष्टा करत होता की नाही, मला आजही कळलेलं नाही.

मग मी विचारलं. जे तुला विचारायचं होतं ते त्याला विचारलं. "तिला आधीच माहीत होतं ना? तुम्हाला निवडायच्या आधी?"

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "हो. त्या कॉफीच्या दिवशीच सांगितलं मला. मी विचारलं होतं, मीच का? म्हणाल्या, एक तर मला तुमच्या लोकांची मतं हवीत, ते लपवत नाही. आणि दुसरं, मी कदाचित वर्ष पुरं करणार नाही. श्रीकांतलाही अजून सांगितलेलं नाही, डिसेंबरपर्यंत कुणाला सांगायचं नाहीये. मग एकच प्रश्न विचारला. तुम्हाला गोष्ट पोटात ठेवता येते का?"

"एवढीच चौकशी?"

"एवढीच."

"आणि मी?" माझा आवाज चढला. श्रीकांतनं वळून बघितलं. "मला पोटात ठेवता आली नसती? दहा वर्षांत मी तिची एक गोष्ट तरी बाहेर बोललेय?"

"तेही मी विचारलं. तुमच्या मैत्रिणीला का नाही घेत, म्हणून. सगळ्यांना वाटत होतं तुम्हीच असणार." त्यानं खुर्ची परत उचलली. "त्या म्हणाल्या, ज्योत्स्नाला सांगितलं तर ती रिपोर्ट मागेल. आणि ती तो वाचेल तेव्हा मला तिच्या चेहऱ्यावर उत्तर दिसेल. मला ते इतक्यात बघायचं नाही."

मी हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. श्रीकांत रेवाला घेऊन गेला, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. बापटकाका दिवे मालवून गेले.

दोन दिवस मी ते वाक्य तपासतेय, माधुरी. सवयच आहे. मिलिंदनं रचलं असेल का? त्याला मला गप्प करायचं असेल, कमिटीत ओढायचं असेल. साक्षीदार एकच, तू, आणि तू गेलीस. पण त्याला कसं माहीत असणार, की परीक्षेचे निकाल असोत नाहीतर हवेचा अंदाज, तू बातमी कधी कागदावर वाचत नव्हतीस, माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचीस? तुझ्या आईच्या तपासणीचा अहवाल पुण्याहून आला होता, तेव्हासुद्धा तू पाकीट माझ्या हातात दिलंस आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिलीस. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत तू "आई बरी आहे" म्हणून उठलीस. हे मिलिंदला ठाऊक नाही. वाक्य तुझंच आहे. एवढं मी मान्य करते.

त्याच्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. तू निवडलेल्या माणसाची चौकशी तू नीट केली नाहीस, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. एका प्रश्नावर माणूस निवडायचा नसतो, मग तो प्रश्न कितीही बरोबर असो. मतांसाठी माणूस घेणं चूक होतं, आणि तू ते केलंस. हे भांडण आपल्यात आहे आणि राहील. शाळा मात्र सुरू आहे. मिलिंद गणित मराठीतून शिकवतो आणि रेवा त्याला जर्मनमध्ये दुरुस्त करते.

पण माझ्याबद्दलचा तुझा अंदाज चुकला. तू माझा चेहरा दहा वर्षं वाचलास, तो मी तुला वाचू दिला म्हणून. तू विचारायला हवं होतंस. मी रिपोर्ट मागितला असता, हो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला असता. मग तुझ्याकडे बघून म्हणाले असते, काही नाही गं, बरी होशील. आणि तुला ते खरं वाटलं असतं, माधुरी. इतकं चांगलं खोटं मी तुझ्यासाठी बोलले असते.